वेगळा पेला पुन्हा घरात नको

गेल्या वर्षावासात अर्धापूर तालुक्यातल्या एका वस्तीत, एका उपासिकेच्या घरी गेले होते. चहा आला. सगळ्यांना कपबशीत आला, घरातल्या थोरल्या दादांना मात्र स्टीलच्या पेल्यात. पेल्याच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. मी त्या ठिपक्याकडे पाहते आहे हे वहिनींच्या लक्षात आले. हळूच म्हणाल्या, "त्यान्ला ते काविळीचं निघालंय ना बाई, सी का काय म्हणतेत. लेकरं हायेत घरात, म्हणून वेगळं ठिवलंय." दादा काही बोलले नाहीत. चहा संपवला, पेला स्वतःच विसळला आणि कोनाड्यात उपडा ठेवला.

चहाच्या हॉटेलाबाहेर वेगळी ठेवलेली कपबशी आपल्या आजोबा-पणजोबांनी अशीच स्वतः विसळली आहे. तिच्याविरुद्ध आपला समाज किती लढला, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. तीच कपबशी आता आपल्याच हातांनी आपल्या घरात येते आहे. वहिनी काही दुष्ट नव्हत्या. भीमजयंतीच्या रक्तदान शिबिरात दादांनी रक्त दिले, रक्तपेढीकडून बोलावणे आले आणि हातात एक कागद पडला. त्या कागदाचा अर्थ घरात कोणालाच कळला नव्हता.

मी तिथेच बसून सगळे समजावले. आरोग्य सेविका म्हणून माझी सारी नोकरी याच भागात गेली, सांगायची सवय आहे. हा आजार पेल्याने होत नाही, गोळ्या फुकट मिळतात, नांदेडला जा, असे बजावले. दोघांनीही माना डोलावल्या. महिन्याने पुन्हा गेले, तर पेला कोनाड्यातच होता आणि दादा नांदेडला गेलेच नव्हते.

मग सगळ्यांची परवानगी घेऊन मी शेजारच्या तालुक्यातल्या एका गृहस्थांना सोबत नेले. ते मिस्त्रीकाम करतात, शिक्षण सातवीपर्यंत. दोन वर्षांपूर्वी त्यांचा हाच आजार बरा झाला. त्यांनी भाषण केले नाही. पिशवीतून आपली फाइल काढली, आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवला. दवाखान्यात कोणते कागद लागतात, कोणत्या खिडकीवर उभे राहायचे, सुरुवातीला डोके दुखले ते कसे थांबले, ठेकेदाराला सुट्टीचे काय कारण सांगितले, सगळे सांगितले. आजार कळल्यावर बायकोशी काय भांडण झाले तेही सांगितले. बोलता बोलता त्यांनी त्या लाल ठिपक्याच्या पेल्यातूनच पाणी घेतले आणि प्याले. पुढच्या सोमवारी दादा नांदेडच्या गाडीत बसले.

माझ्या सगळ्या नोकरीच्या अनुभवाला जे जमले नाही, ते त्या मिस्त्रींना एका दुपारी जमले. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. हेपॅटायटिस सीच्या रुग्णांना आजार शिकवण्याचे काम बरे झालेल्या रुग्णांकडे दिले पाहिजे. त्यासाठी रीतसर वर्ग निघाले पाहिजेत आणि ते आपल्या वस्त्यांपर्यंत आले पाहिजेत.

आजार कोणता, भीती कशाची

हेपॅटायटिस सी हा यकृताचा आजार. त्याचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. त्या शोधाच्या कामाबद्दल तीन शास्त्रज्ञांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू रक्तातून पसरतो. एकाची सुई दुसऱ्याला वापरणे, तपासणी न केलेले रक्त चढवणे, जत्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदणे, न्हाव्याकडचे तेच ब्लेड, नीट निर्जंतुक न केलेली दवाखान्यातली हत्यारे, नशेची सुई, या त्याच्या वाटा आहेत. आईला आजार असेल तर बाळाला होण्याची शक्यता शंभरात साधारण पाच. पूर्वी रक्तपेढ्यांत याची तपासणी होत नसे. ज्यांना २५-३० वर्षांपूर्वी रक्त चढवले गेले, त्यांनी म्हणूनच एकदा तपासून घ्यावे.

एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, शेजारी झोपल्याने, खोकल्याने, डास चावल्याने हा आजार होत नाही. वेगळ्या ठेवायच्या वस्तू दुसऱ्याच आहेत. ब्लेड, दाढीचे सामान, टूथब्रश, नेलकटर आणि घरी साखर तपासायची सुई, एवढ्याच. आपण पेला वेगळा करतो आणि ब्लेड मात्र बाप-लेक एकच वापरतात!

दुसरा घोटाळा कावीळ या शब्दाचा. दूषित पाण्याने होणारी कावीळ वेगळी. तिच्यात डोळे पिवळे होतात आणि बहुतेकांची ती काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात गळ्यात माळ घातली, नाकात औषध सोडले, चुन्याच्या पाण्याने हात धुतले, तरी श्रेय माळेला जाते. सीमध्ये बहुतेकांचे डोळे पिवळे होतच नाहीत. विषाणू वर्षानुवर्षे गुपचूप बसतो आणि वीस-तीस वर्षांनी यकृत आकसते, पोटात पाणी होते, काहींना कर्करोग होतो. त्याच्यावर माळ चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे भारतात सुमारे ५५ लाख लोकांना हा आजार आहे. त्यातल्या बहुतेकांना तो आहे हेच ठाऊक नाही.

गोळ्या फुकट, मग अडते कुठे?

२०१३ च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुविर ही गोळी बाजारात आली, तेव्हा एका गोळीची किंमत १,००० डॉलर आणि बारा आठवड्यांच्या उपचाराची ८४,००० डॉलर होती. पुढे भारतीय कंपन्यांनी तीच गोळी कितीतरी स्वस्तात बनवली. २८ जुलै २०१८ रोजी आपल्या देशात राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. बहुतेक रुग्णांना रोज गोळ्या, बारा आठवडे, म्हणजे ८४ दिवस. नेमाने घेतल्या तर शंभरातले नव्वदहून अधिक जण पूर्ण बरे होतात. इतका जुनाट आजार इतक्या कमी दिवसांत बरा होतो, अशी उदाहरणे वैद्यकात थोडीच आहेत.

असे असूनही लोक वाटेत गळतात. कुठे गळतात ते मी पाहिले आहे.

पहिल्याच कागदावर अनेक जण खचतात. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली म्हणजे विषाणू कधीतरी शरीरात आला होता, एवढाच अर्थ. काहींचे शरीर त्याला स्वतःच हाकलते. आज तो रक्तात आहे का, हे दुसऱ्या तपासणीत, म्हणजे व्हायरल लोडमध्ये कळते. ती दुसरी तपासणी करायला बरेच जण जातच नाहीत.

काही जण महिनाभर गोळ्या खातात, बरे वाटते म्हणून सोडतात. काही जण टीबीच्या, मिरगीच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असल्याचे डॉक्टरांना सांगत नाहीत. यातल्या काही औषधांचे आणि या गोळ्यांचे जमत नाही. टीबीचे रिफाम्पिसिन त्यातलेच. काही जण गोळ्या संपवतात, पण त्यानंतर बारा आठवड्यांनी करायची शेवटची तपासणी राहून जाते. बरे झालो की नाही, हे ती तपासणीच सांगते. पुढे अँटिबॉडी जन्मभर पॉझिटिव्हच राहते. हे ठाऊक नसलेला माणूस बरा होऊनही नव्या रिपोर्टने पुन्हा घाबरतो. उलट काहींना वाटते की एकदा बरे झाले म्हणजे आता कवच मिळाले. तेही खरे नाही, हा आजार पुन्हा होऊ शकतो.

शिवाय मजुरीचा प्रश्न आहेच. केळीच्या बागेत किंवा हळदीच्या कामावर जाणाऱ्याचा नांदेडच्या एका फेरीत दिवस बुडतो. दसरा-दिवाळीनंतर आपल्या भागातले कितीतरी लोक ऊसतोडीला, पुण्याला, हैदराबादला कामाला निघतात. उपचार अर्धवट राहतो तो तिथे.

ही सगळी अडचण माहितीपत्रक वाटून सुटत नाही. डॉक्टरांसमोर रांग असते आणि आपला माणूस त्यांना विचारायला कचरतो. "दारू पीत होता का?" असा पहिलाच प्रश्न आला की तो गप्प होतो, मग तो कधी प्यालेला असो वा नसो. ज्याने ही वाट चालून पार केली, त्याच्यापुढे मात्र तो बोलतो.

शिकवायचे कोणी?

ही कल्पना काही माझी नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग या परिचारिकेने १९८० च्या आगेमागे संधिवाताच्या रुग्णांसाठी असे वर्ग सुरू केले. पुढे ते इतर जुनाट आजारांसाठीही निघाले. आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, आणि शिकवणारे स्वतः रुग्ण. हेपॅटायटिस सीसाठी असाच सहा आठवड्यांचा वर्ग सॅन दिएगो येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात झाला. तो एक आरोग्य कर्मचारी आणि एक रुग्ण मिळून चालवत. २०११ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्गाला आलेल्यांची आजाराची समज, स्वतःवरचा भरवसा आणि अंगातला उत्साह वर्गाला न आलेल्यांपेक्षा जास्त वाढला होता.

इतक्या दूर जायचीही गरज नाही. मराठवाड्याला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. गावोगावच्या बायकांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. त्यात दलित बायका होत्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या होत्या. शिकायला आल्या की वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र राहत, एकत्र जेवत. याच बायकांनी आपापल्या गावांत बाळंतपण, लसीकरण, कुष्ठरोग यांविषयी लोकांना शिकवले. सांगलीत संग्राम संस्थेने १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनाच एचआयव्हीबद्दल शिकवणाऱ्या केले. महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे स्वतःचे नेटवर्क आहे. टीबीतून बरे झालेल्यांना सरकारच 'टीबी चॅम्पियन' म्हणून सोबत घेते. हेपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही उपचार केंद्रावर रुग्णांना साथ देणाऱ्या 'पीअर सपोर्टर'ची जागा धरलेली आहे. आपल्या जिल्ह्यात ती भरली आहे का आणि भरली असेल तर तो माणूस तालुक्यापर्यंत येतो का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

तीन शंका

"सातवी शिकलेला माणूस औषध काय शिकवणार?" असे एका सुशिक्षित बांधवांनी मला विचारले. औषध डॉक्टरच देतील. सोबती, म्हणजे बरा झालेला माणूस, गोळी बदलणार नाही, रिपोर्ट वाचून निकाल देणार नाही, कोणाचे औषध बंद करणार नाही. तो आपला अनुभव सांगेल आणि प्रश्न विचारायला शिकवेल. शेजारी परिचारिका किंवा समुदाय आरोग्य अधिकारी बसलेले असतील. चुकीचे काही बोलले गेले तर ते दुरुस्त करतील.

दुसरी शंका जास्त खरी आहे. "नाव फुटलं तर पोरीची सोयरीक मोडंल." एका आईने हे मला सांगितले आणि तिला मी खोटे ठरवू शकत नाही. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. विहारात सगळ्या वस्तीसाठी खुली सभा व्हावी, तिथे कोण रुग्ण हे कोणी विचारू नये. रुग्णांचा वर्ग मात्र ग्रामीण रुग्णालयात किंवा दुसऱ्या गावी, दार लावून व्हावा. तिथले नाव तिथेच राहावे. फोटो नाही, व्हॉट्सॲपवर टाकणे नाही, अध्यक्षांचा सत्कारही नाही.

तिसरी शंका, "आमच्या वस्तीत असे रुग्ण आहेत तरी किती?" तपासणी झाल्याशिवाय कोण सांगणार? एका वस्तीत दोघेच निघाले तर तालुक्याचा मिळून एक वर्ग होऊ शकतो. हेपॅटायटिस बी असलेल्यांनाही त्यात घ्यावे. त्यांची संख्या आपल्या देशात सीपेक्षा कितीतरी मोठी आहे आणि यकृत सांभाळण्याच्या बऱ्याच गोष्टी दोघांना सारख्या आहेत. शिवाय बीवर लस आहे, सीवर नाही. बाळाला जन्मानंतर २४ तासांत आणि पुढे सहा, दहा, चौदा आठवड्यांना ती मोफत मिळते, हे त्याच वर्गात सांगता येईल.

सहा रविवार

वर्ग कसा असावा, याबद्दल माझी सूचना अशी. आठ-दहा माणसे, एक सोबती, एक परिचारिका, सहा रविवार, दर वेळी दोन तास. घरची बायको, नवरा, मुलगा यायला तयार असतील तर त्यांनाही बोलवावे, कारण पेला तेच वेगळा करतात.

पहिल्या रविवारी आजार कसा होतो आणि कसा होत नाही. दुसऱ्या रविवारी प्रत्येकाने आपला कागद आणायचा आणि दोन तपासण्यांतला फरक समजून घ्यायचा. तिसऱ्या रविवारी गोळ्या, चुकलेल्या गोळीचे काय करायचे आणि इतर औषधे डॉक्टरांना कशी सांगायची. चौथ्या रविवारी दारू, तंबाखू, जेवण, थकवा. दारू सोडता येत नाही असे म्हणणाऱ्याला इथे हाकलायचे नाही. पाचव्या रविवारी घर, कामाचे ठिकाण, लाज आणि भांडणे. सहाव्या रविवारी पुढची तारीख. प्रत्येकाने शेवटच्या तपासणीची तारीख लिहून घ्यायची आणि ऊसतोडीला गेलो तर ती तपासणी कुठे करू, हेही ठरवायचे. ज्यांचे यकृत आकसले आहे त्यांना बरे झाल्यावरही तपासण्या चालू ठेवाव्या लागतात, हेही तेव्हाच सांगायचे.

याला सगळ्यात चांगला काळ वर्षावासाचा. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने आपण विहारात ग्रंथवाचनाला जमतोच. उपचाराचे ८४ दिवसही जवळपास तेवढेच. जागतिक हेपॅटायटिस दिन २८ जुलैला असतो. वर्षावासाच्या सुरुवातीला औषध सुरू झाले तर माणूस कामासाठी बाहेर पडण्याआधी गोळ्या संपतात. विहारात रोज भेट होते, तेव्हा "आजची गोळी घेतली का?" असे हळूच विचारणारेही कोणी असते. आजारी भिक्खूकडे सोबतच्या भिक्खूंनी दुर्लक्ष केले, तेव्हा तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतःच्या हाताने त्याला धुतले-पुसले, ही विनयातली कथा आपण ऐकतो. ऐकून घरी गेल्यावर पेला वेगळा ठेवायचा असेल, तर ऐकून काय मिळवले?

वेठ नको

शेवटचे आणि मला सगळ्यात महत्त्वाचे वाटणारे. सोबत्याला मोबदला मिळाला पाहिजे. "समाजकार्य आहे, फुकट करा" असे म्हणणारे लगेच पुढे येतील. गावकीची वेठ आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या केली आहे. तिच्यामागे असलेल्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. आता आरोग्याच्या नावाने नवी वेठ नको. मिस्त्रीचा रविवार बुडाला तर त्याची मजुरी, गाडीभाडे आणि दोन वेळचे जेवण द्यावे. ते आरोग्य खात्याने द्यावे, ही आपली मागणी असावी. ते मिळेपर्यंत जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढता येईल. डीजेचा एक तास कमी झाला तर सहा रविवारांची सोय होते.

विहार समित्यांना, महिला मंडळांना माझी विनंती आहे. या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात जाऊन तीन प्रश्न विचारा. हेपॅटायटिस सीची तपासणी इथे कोणत्या दिवशी होते? उपचारासाठी आमच्या लोकांनी नक्की कुठे जायचे? बरे झालेल्या रुग्णांना शिकवण्याची संधी द्यायला तुम्ही तयार आहात का? आणि पुढच्या रक्तदान शिबिराआधी आयोजकांनी ठरवावे, की रक्तपेढीकडून बोलावणे आलेल्या माणसाला एकट्याने कागद वाचावा लागणार नाही.

दादांच्या गोळ्या संपल्या. त्यानंतरची तपासणीही झाली, रक्तात विषाणू सापडला नाही. पेल्याचा ठिपका अजून तसाच आहे. वहिनी म्हणतात, घासूनही निघत नाही. पण आता त्या पेल्यातून घरातले कोणीही पाणी पिते. परवा दादा मला म्हणाले, "बाई, आता पुढच्याला मी सांगतो. मला बोलवा कुठंबी."

सांगणारा तयार आहे. त्याला बोलावणारे आपण आहोत.

जय भीम!